डोळ्यांपुढची तटबंदी

अर्धशिशी म्हटली की कपाळाला सुंठ उगाळून लावलेली, अंधाऱ्या खोलीत निजलेली बाई आठवते. पण डोके ठणकण्याआधी जे घडते, त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. मी भोरचा, हा त्रास मला तीस वर्षे आहे. वाचता वाचता आधी एखादे अक्षर गळते. मग तिथे करवतीच्या दात्यांसारखी लखलखती रेघ उमटते आणि रुंदावत कडेला सरकते. डोळे मिटले तरी ती दिसते; खोट डोळ्यांत नसते. कधी बोटांतल्या मुंग्या ओठांपर्यंत चढतात, कधी ओळखीचा शब्द जिभेवर येत नाही. वीस-पंचवीस मिनिटांत सारे ओसरते आणि डोके धरते.

ह्यूबर्ट एअरी या इंग्रज डॉक्टरने स्वतःला दिसणाऱ्या अशा आकृत्यांची चित्रे 1870 मध्ये प्रसिद्ध केली. त्याला ती रेघ तटबंदीच्या शहरासारखी वाटली. राजगडावरून संजीवनी माचीचा वळणे घेत गेलेला तट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही उपमा परकी वाटू नये. फक्त हा तट चालतो! 1941 मध्ये लॅशली यांनी त्याचा मेंदूवरचा वेग मोजला: मिनिटाला सुमारे 3 मिलिमीटर. 1944 मध्ये ब्राझीलच्या लिआव यांना सशाच्या मेंदूवर तशीच संथ लाट आढळली. लाटेच्या तोंडाशी पेशी चेतवल्या जातात, मागे काही मिनिटे थंडावतात. म्हणूनच आधी लखलखाट, मग अंधारा डाग.

वेल्ह्याकडच्या एका वस्तीवरची सून मला ठाऊक आहे. भातलावणीत तिला समोरच्या बाईचा अर्धाच चेहरा दिसे. 'बाहेरचे' म्हणतील या धास्तीने ती कित्येक वर्षे गप्प राहिली. तिला अंगाऱ्याची नव्हे, निदानाची गरज होती.

काही गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. वरंध घाटात गाडी चालवताना असे झाले, तर ती कडेला घेऊन थांबावे. लक्षणे पहिल्यांदाच दिसली, तर डॉक्टरांना दाखवावे. अर्धशिशीची लक्षणे हळूहळू पसरतात. हात एकाएकी लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा वाचा गेली, तर पक्षाघात समजून तडक इस्पितळ गाठावे. असा तट दिसणाऱ्या स्त्रियांनी गर्भनिरोधक गोळ्या घेण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगावे, कारण इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. तंबाखूची धूम्रपानेही त्यांनी टाळावीत.

घरात कोणी 'मला निम्मेच दिसतेय' म्हणाले, तर हसू नका. शेजारी बसा आणि काय काय दिसते ते विचारा. डॉक्टरांना निदानासाठी तेच हवे असते.