ठिपके दहापट, मेमरी शंभरपट!

परवा एका माजी विद्यार्थिनीचा फोन. "सर, चार हजार बिंदूंवर प्रोग्राम झटक्यात चालला, चाळीस हजारांवर 'मेमरी एरर' येतंय. लॅपटॉपच बदलू का?" वडीलही शेजारीच बसलेले, खर्चाच्या काळजीत. पालकांनो, थांबा. आधी गणित करू.

तिच्याकडे जमिनीच्या उंचीच्या नोंदी होत्या. रांगोळीचे ठिपके ओळीत असतात. हे ठिपके मात्र मूठभर ज्वारी अंगणात फेकावी तसे विखुरलेले. मधल्या जागांची उंची अंदाजायची, म्हणजे अंतर्वेशन. त्यासाठी तिने पायथनच्या सायपायमधलं 'आरबीएफइंटरपोलेटर' वापरलं. ही पद्धत प्रत्येक बिंदूचा प्रत्येक बिंदूशी संबंध मांडते. म्हणजे ४,००० बिंदूंना ४,००० × ४,००० चा तक्ता, १.६ कोटी घरं. एका घराला ८ बाइट, म्हणून साधारण १२८ एमबी. ४०,००० बिंदूंना? १६० कोटी घरं, जवळजवळ १२.८ जीबी! तिच्या लॅपटॉपची रॅम ८ जीबी. बरं, हा झाला नुसता तक्ता. तो सोडवताना लागणारी जागा वेगळीच. (वर्गाचं सूत्र आठवीत शिकवतो, ते असं कामाला येतं.)

उपाय सोपा निघाला. याच साधनात 'नेबर्स' नावाचा पर्याय आहे. तो ५० ठेवला, की प्रत्येक ठिकाणासाठी जवळचे ५० बिंदूच धरले जातात. तक्ता २,५०० घरांचा. डोंगराची उंची ठरवायला दहा कोसांवरचं शेत कशाला विचारायचं? मात्र शेजारी बदलतात तिथे पृष्ठभागावर बारीकशी पायरी दिसू शकते, हे तिला सांगून ठेवलं.

दुसरा मार्ग 'ग्रिडडेटा'चा, रेषीय पद्धतीने. तो बिंदू जोडून त्रिकोण पाडतो. नकाशासारख्या दोन मितींत त्रिकोण बिंदूंच्या जेमतेम दुप्पट, त्यामुळे मेमरी आटोक्यात राहते. पण सगळ्यात बाहेरच्या बिंदूंच्या कुंपणापलीकडे उत्तर मिळत नाही, 'नॅन' येतं. मुलं तिथे हमखास गोंधळतात.

एवढं करूनही अडलंच, तर उत्तराची जाळी बघा. १०,००० × १०,००० ची जाळी मागितली, तर नुसत्या उत्तरालाच ८०० एमबी हवेत. पट्ट्या पाडा, एकेक पट्टी काढा, फाइलीत लिहा, पुढे चला.

तिने ५० शेजारी धरले आणि काम झालं. आता काही बिंदू मुद्दाम बाजूला ठेवून, तिथली अंदाजित उंची खऱ्या उंचीशी ताडून बघायला सांगितलंय. रविवारी आकडे घेऊन येणार आहे.