विषाणूला कॅन्सर घडवायला इतकी वर्षं का लागतात?

कॅन्सर लागट नसतो, हे खरंच. पण गर्भाशयमुखाचा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो तो ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, लागट असतो. शरीरसंबंधातून तो पसरतो आणि आयुष्यात कधी ना कधी बहुतेकांना गाठतो. मग अंधेरी-मुलुंडच्या घराघरांत हा कॅन्सर का नाही? कारण दहातल्या नऊ जणींचं शरीर दोनेक वर्षांत त्याला हुसकावून लावतं. प्रश्न उरलेल्या एकीचा.

या विषाणूचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. त्यांतले 16 आणि 18 हे दोनच गर्भाशयमुखाच्या सुमारे सत्तर टक्के कॅन्सरना जबाबदार आहेत. बारीकशा ओरखड्यातून विषाणू अस्तराच्या तळच्या थरात शिरतो. त्याचा डीएनए एरवी गोल, सुटा असतो. वर्षानुवर्षं मुक्काम पडला की कधीकधी तो तुटून पेशीच्या डीएनएत सांधला जातो आणि त्या तोडफोडीत विषाणूचा स्वतःचा लगाम सुटतो. मग ई-6 आणि ई-7 ही त्याची दोन प्रथिनं बेसुमार तयार होतात.

आपल्या पेशीतलं पी-53 हे प्रथिन म्हणजे सोसायटीचा खमक्या सेक्रेटरी: बिघाड दिसला की दुरुस्ती होईपर्यंत पुढचं काम बंद. ई-6 त्यालाच नष्ट करवतं. ई-7 हे आरबी नावाच्या दुसऱ्या राखणदाराला निकामी करतं. तरीही लगेच कॅन्सर होत नाही. राखण गेलेल्या पेशीत विभाजनागणिक चुका साचत जातात आणि त्याला बहुधा पंधरा-वीस वर्षं लागतात.

1951 साली अमेरिकेत जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या गाठीतून वाढवलेल्या ‘हेला’ पेशी आजही जगभर वाढताहेत. त्यांत पुढे एचपीव्ही-18 सापडला. ई-6, ई-7 बंद पाडले की त्या पेशींची वाढ थांबते. विषाणूविरुद्ध याहून बोलका पुरावा नाही. याच गे यांच्याकडे शिकून आलेल्या कमल रणदिवे यांनी परळला ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली आणि उंदरांतल्या स्तनकॅन्सरच्या विषाणूवर काम केलं. एचपीव्हीचा गुन्हा शाबीत करणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना 2008 साली नोबेल मिळालं.

ही पंधरा-वीस वर्षं हाच आपला फायदा. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 35 ते 64 वयाच्या दीड लाख स्त्रियांवर तो आजमावला. किमान दहावी शिकलेल्या स्थानिक बायकांना प्रशिक्षण दिलं. गर्भाशयमुखाला चार टक्क्यांचं ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो, कारण तिथे प्रथिनं दाटलेली असतात. दोन-दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या. 2013 मध्ये निकाल आला: या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. रोग्यांची संख्या मात्र फारशी कमी झाली नाही. रोग लवकर सापडला, म्हणून जीव वाचले. तुलनेसाठी तपासणीविना ठेवलेल्या गटाला सुरुवातीला फक्त आरोग्यशिक्षण दिलं गेलं, त्यावर टीका झाली. ती मला रास्त वाटते.

बार्शीजवळच्या गावांतल्या प्रयोगात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू निम्म्यावर आल्याचं 2009 साली दिसलं. म्हणजे विषाणूच शोधणं अधिक चांगलं, फक्त ते महाग पडतं.

लसीचं काम यापेक्षा सोपं: विषाणू शिरण्याआधीच त्याला अडवायचं. झालेला संसर्ग मात्र ती बरा करत नाही, म्हणून 9 ते 14 हे वय. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही देशी लस 2023 मध्ये बाजारात आली. घरात त्या वयाची मुलगी असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारा. तिशी ओलांडलेल्या बाईने त्रासाची वाट न पाहता जवळच्या सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात तपासणीची चौकशी करावी. लस घेतली असली, तरीही.