तारपा आणि बँजो

गेल्या मार्गशीर्षात पालघर आणि बोईसर यांच्या मधल्या उमरोळीस एका जुन्या स्नेह्यांच्या घरी हळदीस जाण्याचा योग आला. जेवणे आटोपतात न आटोपतात तोच अंगणात 'बँजो' उभा राहिला. बँजो म्हणजे येथे नुसते वाद्य नव्हे, सबंध ताफाच होय. पुढे बँजोवाला, शेजारी कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी व ताशा, आणि मागे टेम्पोवर कर्णे व जनरेटर. प्रथम आम्हांस हा निव्वळ गोंगाट वाटला, हे कबूल केले पाहिजे.

परंतु त्या तरुणाची बोटे पाहू लागलो आणि आमचे मत पालटले. टंकलेखन यंत्रासारख्या कळांचे हे तंतुवाद्य मूळचे जपानचे. नागोया शहरी गोरो मोरिता याने १९१२ साली ते 'ताइशोगोतो' या नावाने सिद्ध केले. हिंदुस्थानात त्याचे 'बुलबुलतरंग' झाले, आणि आपल्या किनाऱ्यावर त्यास वीज जोडून त्याचा बँजो झाला. हा मुलगा दिवसा तारापूरच्या एका कारखान्यात पाळी करतो. स्वरलिपी त्यास येत नाही. नवे गाणे दोनतीनदा ऐकले की बोटांत उतरते. (जगभर गाजलेल्या बीटल्स मंडळींसही स्वरलिपी वाचता येत नसे, तेव्हा नाक मुरडण्याचे कारण नाही.) 'सैराट' मधील 'झिंगाट' २०१६ सालचे, तरी अंगणातून प्रथम पुकारा झाला तो त्याचाच.

मध्यंतरी चहाच्या वेळी आम्ही त्यास विचारले, "तुला तारपा येतो का रे?" तो वारली आहे, हे यजमानांकडून कळले होते.

"आजोबा वाजवायचे," तो हसून म्हणाला. "पण तारप्यावर फर्माईश चालत नाही, काका."

या एका वाक्याने आम्हांस विचारात पाडले. वाळलेला दुध्या, बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधायला मेण, एवढाच तारप्याचा संसार. पीक हाती आले की त्याच्याभोवती हातांत हात गुंफून वारली स्त्रीपुरुष फेर धरतात आणि तारप्याकडे पाठ करीत नाहीत. वादकाने चाल बदलली की पावले बदलतात. बँजोचे नेमके उलटे! तेथे नाचणारा ओरडतो आणि वाजवणारा ऐकतो.

ही फर्माईश दडपण्याचा प्रयत्नही होऊन गेला आहे, आणि तो करणारे गृहस्थ आपल्यापैकीच. १९५२ साली नभोवाणी खाते हाती येताच डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी चित्रपटगीतांस आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले. श्रोते शास्त्रीय संगीताकडे वळले काय? छे! त्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि घरोघरी गाण्यांच्या 'पायदानां'वर पैजा लागू लागल्या. अखेर १९५७ साली आकाशवाणीलाच 'विविध भारती' काढावी लागली.

तेव्हा बँजोने तारपा मारला, अशी हाकाटी आम्ही करणार नाही. आपल्या घरांतून जात्यावरच्या ओव्या गेल्या, त्या कोणत्या बँजोने नेल्या? शिवाय आता खुद्द बँजोवरच गदा आली आहे. "लोक डीजे लावतात," तो मुलगा सांगत होता. "आम्ही आठ जण, तिथे एक माणूस पुरतो. मागच्या हंगामात दोघे सोडून गेले." तारप्यापुढे नाचणाऱ्यास वादकाचे ऐकावे लागे, बँजोपुढे वादकास नाचणाऱ्याचे, डीजेपुढे वादकच उरत नाही. आम्हांस ही तिसरी गोष्ट खरी भयंकर वाटते.

रात्री दहाला, नियमाप्रमाणे, कर्णे बंद झाले. मंडळी पांगली. घरातल्या दोनतीन वृद्ध स्त्रियांनी मात्र ओटीवर हळदीचे जुने गाणे धरले. तो मुलगा वाद्य गुंडाळीत होता, तो थांबला. वीज नसलेल्या बँजोवर, अगदी हलक्या हाताने, त्यांची चाल शोधू लागला. दोनदा चुकला. आजीबाईंनी न थांबता हातानेच खूण केली, तेव्हा सापडली.