चिंटूला मान वळवता येईल का?

"चिंटूची कार्टून मालिका का नाही? लिहा त्यावर," एवढं बोलून संपादक मोकळे झाले. लासलगावात बसून मालिकेवर काय लिहायचं? आमच्याकडे विषय एकच, कांद्याचा भाव. पण बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टर लावून लिलावाची वाट बघणाऱ्यांच्या हातात पेपर असतोच, आणि भाव वाचून तोंड कडू झालं की नजर व्यंगचित्राकडे जाते, हेही खरं.

चिंटूचा इतिहास थोडक्यात उरकतो. २१ नोव्हेंबर १९९१ ला 'सकाळ'मधल्या चित्रपट्टीत तो पहिल्यांदा आला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या जोडीने त्याला घडवलं. पुढे पुस्तकं निघाली. २०१२ आणि २०१३ साली श्रीरंग गोडबोले यांनी दोन चित्रपट केले. त्यांत चिंटू हाडामांसाचा मुलगा होता. रेषांचा चिंटू रोज संध्याकाळी पळतोय, शेजारच्या जोशीकाकू त्याच्या मागे आहेत, अशी मालिका आमच्या टीव्हीवर तरी कधी लागली नाही.

का, हे शोधायला पैशापाशी जाण्याआधी कागदापाशी जायला हवं. पेपरातलं पात्र मोजक्या बाजूंनीच काढलेलं असतं. समोरून, थोडं तिरपं, कधी बाजूने. एका चौकटीत तो आपल्याकडे बघतो, पुढच्या चौकटीत आईकडे. मधे मान वळली कशी, हे कुणी विचारत नाही. अ‍ॅनिमेशनमध्ये नेमकं तेच विचारतात. नाक समोरून एक टिंब, बाजूने फुगवटा. मग टिंबाचा फुगवटा होताना मधली चार चित्रं कशी दिसतील? ती काढून बघा, पोरगं ओळखू येत नाही.

या अडचणीशी ज्याने आयुष्यभर झुंज घेतली तो माणूस म्हणजे बिल मेलेंडेझ. चार्ल्स शुल्झच्या 'पीनट्स' या चित्रपट्टीतली मुलं त्याने हलती केली. त्यांची डोकी एवढी मोठी आणि हात एवढे आखूड, की हात टाळूपर्यंत पोचत नाहीत. मेलेंडेझने मान सावकाश वळवण्याचा नादच सोडला. या क्षणी चेहरा समोरून, पुढच्या क्षणी बाजूने, मधलं काही नाही. पाय आखूड म्हणून चाल तुरुतुरु. ९ डिसेंबर १९६५ ला या मुलांचा 'अ चार्ली ब्राऊन ख्रिसमस' टीव्हीवर दाखवला गेला. त्याआधी तो पाहून वाहिनीचे अधिकारी नाराज झाले होते. प्रेक्षकांनी मात्र डोक्यावर घेतला. मला या माणसाचं भारी कौतुक वाटतं. शुल्झच्या रेषेला त्याने सुधारायला घेतलं नाही.

चिंटूचं त्याहून अवघड आहे, कारण त्याची गंमत दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या फटीत घडते. एका चौकटीत बॅट उचललेली, पुढच्या चौकटीत जोशीकाकू हातात चेंडू घेऊन दारात. काच फुटली ती फटीत, आणि फोडली आपण वाचणाऱ्यांनी. मालिकेत चेंडू उडवावा लागणार. सेकंदाला चोवीस फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तरी सेकंदाला बारा चित्रं. बावीस मिनिटांच्या भागाला १५,८४० चित्रं. डोळे तेच ठेवून नुसते ओठ हलवणं, एकच पळणं पुन्हापुन्हा वापरणं, अशा युक्त्यांनी काम कमी होतं, पण रोज पेपरात तीन-चार चित्रांत भागणाऱ्या पोराला हा संसार झेपायचा कसा?

कागदावरून टीव्हीवर गेलेल्यांचं आपल्याकडचं ठळक उदाहरण 'मोटू पतलू'. 'लोटपोट' मासिकातली ही जोडी २०१२ साली मुंबईच्या कॉसमॉस-माया स्टुडिओने संगणकावर त्रिमितीत उभी केली. एकदा बाहुला तयार झाला की मान हवी तशी वळते. मान वळली, रेषा गेली. मोटूचं त्यात काही बिघडलं नाही. चिंटूचं बिघडेल असं माझं ठाम मत आहे; तो फुग्यासारखा गुळगुळीत झालेला मला बघवणार नाही.

मोटू पतलू हिंदी बोलतात, ही खरी मेख. हिंदीत केलेली मालिका देशभर विकता येते. मराठीला राज्याबाहेर गिऱ्हाईक किती? शिवाय डोरेमॉन, शिनचॅन जपानमधून तयार येतात, वाहिनीला फक्त आवाज बदलायचा खर्च. आमच्या गल्लीतली पोरं भांडतात मराठीत आणि खेळातली पात्रं झाली की हिंदीत बोलतात. चिंटू हिंदीत आणला, तर जोशीकाकूंच्या ओरडण्यातलं काय शिल्लक राहील?

पैसेवाल्यांकडे गेलं म्हणजे निभावतं, असंही नाही. जेफ स्मिथच्या 'बोन' या चित्रकथेची मालिका नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये जाहीर केली आणि २०२२ मध्ये गुंडाळली. आधी चित्रपटाचेही प्रयत्न फसले होते. स्मिथने त्यावर एक व्यंगचित्र काढलं: 'पीनट्स'मधली ल्यूसी चार्ली ब्राऊनपुढचा चेंडू ऐनवेळी ओढून घेते, तसा त्याच्या नायकापुढून दर वेळी नवी कंपनी ओढून घेते. 'द बूनडॉक्स' या पट्टीवरच्या जुन्या मालिकेचा नवा अवतारही २०१९ मध्ये जाहीर झाला, दोन हंगाम, चोवीस भाग. तोही २०२२ मध्ये बारगळला. घोषणा झाली की मुलाखती होतात, पेढे वाटले जातात. रद्द झाल्याची बातमी एखाद्या कलाकाराच्या तोंडून निसटते.

आवाजाचं वेगळंच. मेलेंडेझने खऱ्या लहान मुलांकडून संवाद घेतले; ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना एकेक तुकडा म्हणून दाखवावा लागला. बावन्न भागांची मालिका पुरी होईतो चिंटूचा आवाज देणाऱ्या मुलाला मिसरूड फुटायचं.

म्हणून बावीस मिनिटांचा हट्ट सोडावा असं मला वाटतं. एक मिनिट, एक पट्टी, ७२० चित्रं, सपाट रेषा, मराठी आवाज. बातम्यांच्या आधी तेवढी जागा वाहिनीला सहज काढता येईल. आणि काच फुटताना दाखवू नये. जोशीकाकूंना थेट दारात आणावं.