लोखंडी फर्निचरचा लघुउद्योग – भाग ७ : किलोचा भाव आणि कामाचा भाव

उद्यम नोंदणी आणि वीजजोडणीचा भार यांविषयीचे विवेचन या आठवड्यात देण्याचे गेल्या भागात कबूल केले होते. ते पुढे ढकलावे लागत आहे, कारण वाचकांच्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत आला आहे आणि तो सुटल्याशिवाय नोंदणीचा कागद हाती असूनही धंदा उभा राहत नाही. टेबल, खुर्ची, रॅक यांचा भाव किलोमागे किती सांगावा, असा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर असे की, फर्निचरचा भाव किलोवर सांगूच नये.

किलोच्या भावाची प्रथा निराधार नाही. फॅब्रिकेशनचा बहुतेक व्यवसाय खिडक्यांची ग्रील, फाटके, जिने आणि पत्र्याच्या शेड यांवर वाढला. या कामांत मालाची किंमत मजुरीपेक्षा जड असते, कळंबोलीच्या पोलाद बाजारापासून तालुक्याच्या दुकानापर्यंत लोखंड वजनावरच विकले जाते, आणि उरलेले भंगारही वजनावरच जाते. त्यामुळे मालाचा दर अधिक ठरावीक मजुरी हे गणित ग्राहकाला आणि कारागिराला सारखेच समजते, आणि ग्रीलपुरते ते बऱ्याच अंशी न्याय्यही आहे. फर्निचरला मात्र ते का लागू पडत नाही, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

१२०० मिलिमीटर लांब, ६०० रुंद आणि ७५० उंच अशा अभ्यासाच्या टेबलाचा सांगाडा २५ बाय २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपात करायचा आहे असे समजू. वरची चौकट ४५ अंशांच्या कापाने जोडली, तिच्याखाली ७२५ मिलिमीटरचे चार पाय लावले, आणि दोन्ही बाजूंना व मागे एकेक आडवा दांडा दिला, तर एकूण पावणेनऊ मीटर पाइप लागतो. पाइपाच्या भिंतीची जाडी बाजारात गेजमध्ये सांगतात आणि गेजचा आकडा जितका मोठा तितकी भिंत पातळ असते. १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर आणि १८ गेज म्हणजे १.२ मिलिमीटर. १६ गेजचा हा पाइप मीटरला सुमारे १.१२ किलो भरतो, म्हणजे सांगाड्याचे वजन पावणेदहा किलोच्या आसपास येते. याउलट, सव्वा मीटरहून किंचित कमी लांबी-रुंदीच्या खिडकीला १२ मिलिमीटरच्या चौरस सळईची ग्रील केली, तर तिचे वजन सहज वीस किलोंच्या पुढे जाते. ग्रीलचा सांधा रंगाखाली झाकला की काम संपते. टेबलाचे चौदा सांधे मात्र डोळ्यांसमोर आणि हाताखाली राहतात, त्यामुळे दिसणारा प्रत्येक सांधा ग्राइंडरने सपाट करून फ्लॅप डिस्कने, म्हणजे पाकळ्यापाकळ्यांच्या पॉलिशपेपरच्या चकतीने, गुळगुळीत करावा लागतो. शिवाय चौकटीचे दोन्ही कर्ण सारखे आहेत की नाहीत हे टाके मारल्यावर आणि पूर्ण वेल्डिंग झाल्यावर असे दोनदा मोजावे लागते, कारण सांधा थंड होताना आकसतो आणि चौकटीला पीळ देतो. अर्ध्याहून कमी वजनात दुपटीचे श्रम, आणि पैसे मात्र वजनाचे!

याहून गंभीर दोष पुढे आहे. तेच टेबल १८ गेजमध्ये केले तर वजन सुमारे साडेसात किलोवर उतरते आणि किलोच्या हिशेबाने मजुरी जवळजवळ पाव हिश्श्याने घटते. प्रत्यक्षात पातळ भिंतीला चटकन भोक पडते, म्हणून करंट उतरवून, बारीक रॉड किंवा ०.८ मिलिमीटरची सीओटू तार वापरून, थांबतथांबत काम करावे लागते. म्हणजे जिथे हात अधिक कसबी हवा तिथेच मोबदला कमी होतो. किलोचा भाव कारागिराला जड आणि बोजड काम करायला शिकवतो, हलके आणि सुबक काम करणाऱ्याला दंड करतो. या लेखमालेचा त्याला मुख्य विरोध आहे तो याच कारणासाठी. रंगाचाही खर्च वजनावर चालत नाही. दोन्ही गेजच्या टेबलांचे रंगवायचे पृष्ठ सारखेच, सुमारे साडेनऊ चौरस फूट आहे, आणि पावडर कोटिंग करायचे असेल तर नेहमीची पुट्टी भट्टीच्या १८० ते २०० अंश तापमानाला टिकत नाही, त्यामुळे सांध्यातील खड्डे लपवण्याची सोय नसून घासकाम आणखी वाढते.

मालाचा हिशेबही वजनावरून नव्हे, तर कापणीच्या आराखड्यावरून करावा. पाइप ६ मीटरचा मिळतो. पहिल्या पाइपातून चौकटीचे चारही तुकडे आणि तिन्ही आडवे दांडे निघतात, दुसऱ्यातून चार पाय निघून सुमारे तीन मीटर उरतो, आणि तेवढ्यात आणखी एका टेबलाचे पाय बसतात. म्हणून एका टेबलाला दोन पाइप लागतात, पण दोन टेबलांना तीनच पुरतात. एकच टेबल मागणाऱ्याला आणि जोडी मागणाऱ्याला नगामागे सारखा भाव सांगणे हे दोघांपैकी एकावर अन्यायाचे आहे. कटिंग व्हील दर कापाला सुमारे तीन मिलिमीटर खाते, हेही आराखड्यात धरावे. वजनाचा खरा उपयोग खरेदीच्या वेळी होतो : १६ गेज म्हणून दिलेला सहा मीटरचा पाइप पावणेसात किलोंपेक्षा बराच हलका भरला, तर भिंत पातळ आहे हे दुकानातच कळते.

मग भाव काढावा कसा? आराखड्याप्रमाणे लागणारा माल, रॉड वा तार आणि चकत्या, रंग किंवा कोटिंग, वाहतूक, आणि या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे तास. भाडे, वीज, पगार, यंत्रांची झीज आणि मालकाचा स्वतःचा पगार यांची महिन्याची बेरीज करून तिला प्रत्यक्ष कामाच्या तासांनी भागले की वर्कशॉपचा ताशी दर मिळतो. नव्या माणसाची चूक अशी होते की तो दिवसाचे आठही तास धरतो, तर माल आणणे, माप घेणे आणि ग्राहकाशी बोलणे यांत त्यांतले दोन-तीन तास निघून जातात. नफा या बेरजेच्या वर लावावा, तिच्यात मिसळू नये.

ग्राहक किलोचा भाव मागणारच. त्याला नगाचा भाव, पाइपाचा गेज आणि रंगाचा प्रकार लिहून दिलेला कागद द्यावा. गोदरेज १९२३ पासून पोलादी कपाटे विकत आली आहे आणि ती किलोवर कोणी घेतली नाहीत. लहान वर्कशॉपच्या टेबलालाही तोच न्याय मिळण्यास हरकत नाही.

उद्यम नोंदणी आणि वीजभाराचा विषय पुढील आठवड्यात निश्चित येईल. तोपर्यंत ज्यांचे काम सुरू झाले आहे अशा वाचकांनी शेवटच्या तीन फर्निचर कामांना किती तास लागले ते आठवून लिहून काढावे आणि मिळालेल्या पैशांना त्या तासांनी भागून पाहावे.