घरातील ओल आणि आपले आरोग्य

पावसाळा स्थिरावला की कोकणातल्या घराघरांत एकच तक्रार ऐकू येते. भिंतीला ओल, कपाटात कुबट वास, चामडी चपलांवर पांढरी बुरशी आणि हाताला दमट लागणारी गादी! याकडे आपण घराच्या डागडुजीचा प्रश्न म्हणून पाहतो. वास्तविक तो आरोग्याचाही प्रश्न आहे.

कापूस, लाकूड, कागद, चामडे हे बुरशीचे खाद्य. भिजलेली वस्तू दोन दिवस तशीच राहिली तरी तिच्यावर बुरशी धरू शकते. बुरशीचे सूक्ष्म कण श्वासावाटे शरीरात जातात आणि दमा किंवा अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना शिंका, खोकला, धाप सुरू होते. दुसरा शत्रू गादी-उशीत राहतो. डोळ्यांना न दिसणारे हे धुळीतील कीटक आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात. ते पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून घेतात. हवेतील आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर ते तग धरत नाहीत. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० टक्क्यांच्याही वर असते.

गाद्या व कपाटे : उठल्याबरोबर अंथरुणाची घडी घालू नये. रात्रीच्या घामाचा ओलावा आधी पंख्याखाली सुकू द्यावा. गादी कायम फरशीवर ठेवू नये. उघडीप मिळताच ती उन्हात टाकून झटकावी, मात्र हे काम दमेकऱ्याने करू नये. चादरी व उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा कडकडीत गरम पाण्यात धुवावेत. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, म्हणजे मागे हवा खेळेल. ओलसर कपडे कपाटात कोंबू नयेत.

न्हाणीघर : आंघोळीनंतर घराच्या बाजूचे दार लावून बाहेरची खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे वाफ खोल्यांत शिरणार नाही. फरशीवरचे पाणी लगेच काढावे. गळका नळ आधी दुरुस्त करावा. ओल्या भिंतीला नुसता रंग दिल्याने काही साधत नाही. पाणी कोठून येते ते शोधणे हाच खरा उपाय.

दोन धोके : बुरशी घालवण्यासाठी ब्लीचिंग पावडर वापरताना तिच्यात अ‍ॅसिड कधीही मिसळू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू फुप्फुसांना घातक असतो. तसेच कपडे वाळवण्यासाठी बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नये. तिच्यातील विषारी वायूला वास नसतो. झोपेतच माणूस दगावू शकतो.

ओलसर टॉवेल व आतले कपडे वापरल्याने जांघेत गजकर्ण आणि सतत ओल्या राहणाऱ्या पायांच्या बोटांत चिखल्या होतात. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा असावा. दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमाने खाज थांबते, पण रोग आत पसरत राहतो.

घरातील लहान मुलाला रात्री वारंवार खोकला येत असेल किंवा श्वास घेताना छातीतून शिटीसारखा आवाज येत असेल, तर पाऊस सरण्याची वाट पाहू नये. डॉक्टरांना दाखवावे आणि त्याच दिवशी त्याच्या गादीखाली हात घालून पाहावा!