रानवाटेची शिदोरी – भाग ६ : सुरी घेताना आधी मूठ पाहा

आदिलाबादहून निर्मलकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ मावल्यावरून जातो. गाव मागे पडले की सागाचे रान लागते. अशा रानात मुक्कामाला जाणाऱ्याच्या पिशवीत घडीचा चाकू पुरत नाही. ओले लाकूड फोडायचे, बांबू चिरायचा, तंबूच्या खुंट्या तासायच्या, तर घडीचा सांधाच आधी ढिला होतो. तिथे हवी एकसंध सुरी.

दुकानात नजर जाते ती पात्याच्या चकाकीवर. पाहायला हवी ती मूठ. पात्याचे पोलाद मुठीच्या टोकापर्यंत सलग गेलेले असावे. मुठीच्या दोन लाकडी फळ्यांमध्ये त्याची कड वरून आणि खालून दिसते, आणि आरपार ठोकलेले रिबिटही दिसतात. काही सुऱ्यांच्या पोकळ मुठीत काड्यापेटी नि गळ भरून देतात. त्यांचे पाते मुठीच्या तोंडाशीच संपते आणि लाकूड फोडताना बहुतेक तिथूनच निखळते.

लांबी १० ते १३ सेंटिमीटर, जाडी सुमारे ४ मिलिमीटर. एवढ्यात काड्या फोडता येतात आणि कांदाही चिरता येतो.

आता पोलाद. या मुलखाला त्याची जुनी ओळख आहे. निर्मलच्या दक्षिणेला, गोदावरीपलीकडे कोनासमुद्रम् नावाचे गाव आहे. लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात काम केलेले डॉ. हेन्री व्हॉयसे तिथली भट्टी पाहून गेले. त्यांचे वर्णन १८३२ मध्ये छापले गेले. दोन ठिकाणचे लोखंड तीनास दोन या प्रमाणात मातीच्या मुशीत घालून वितळवत. त्या पोलादाच्या वड्या न्यायला थेट इस्फहानचा व्यापारी येऊन बसे. पण मुशीतून निघालेली वडी इतकी कडक असे, की मातीने लिंपून तिला पुन्हा पुन्हा तापवावे लागे. नरम झाल्यावरच ती घणाखाली घेता येई.

कडकपणा आणि चिवटपणा यांची ही ओढाताण आजच्या सुरीतही आहे. वुट्झ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या पोलादात कार्बन साधारण एक ते दोन टक्के असे. आज गावाकडे सुरी घडवतात ती ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून; त्यात तो ०.६ टक्क्याच्या आसपास असतो. म्हणून पाट्याची सुरी धार जरा लवकर सोडते, पण घाव सोसते. गावचा लोहार पाते लालभडक करून तेलात बुडवतो. त्या क्षणी ते काचेसारखे ठिसूळ असते. मग तो कड घासून चकचकीत करतो आणि मंद आचेवर धरून रंग न्याहाळतो. आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, पुढे निळा. पिवळा धारेपाशी आला की पाते आचेवरून काढायचे. निळा तिथवर पोचला तर धार मऊ पडते. विकत घेताना ‘पाणी कसे दिलेय?’ एवढे विचारले, तरी कारागीर मनापासून बोलू लागतो.

पावसाळ्यात साधे पोलाद एका रात्रीत तांबरते. पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवला तर टिकते. किमान १०.५ टक्के क्रोमियम असलेले स्टेनलेस कमी गंजते, पण धारेवर आणताना वेळ खाते. चामडी म्यानात ओल धरते, म्हणून मुक्कामी सुरी म्यानाबाहेर ठेवावी.

कायदाही माहीत हवा. शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांत मोडतात. घरकाम, शेती, विज्ञान आणि उद्योगासाठीची अवजारे त्यातून वगळली आहेत. वर सांगितलेली सुरी या मापाच्या बरीच आत राहते. अभयारण्याचा नियम मात्र वेगळा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३१ नुसार तिथे लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. म्हणून कव्वाल किंवा पैनगंगेपलीकडच्या टिपेश्वरला जाताना सुरी घरीच ठेवावी, नाहीतर वनखात्याला आधी विचारावे.

पैसे देण्याआधी सुरी म्यानात घालून उलटी धरावी आणि दोनदा झटकावी. घसरली तर म्यान बदलून मागावे. पुढच्या आठवड्यात : दगडावर धार कशी लावावी.